छापील किमतीच्या वर

४ जानेवारी

गाडी आली. म्हणजे आमच्या दारात नाही, शोरूममध्ये आली. सात महिन्यांपूर्वी नाव नोंदवलं होतं, आज सकाळी फोन आला. ही चहा अर्धवट टाकून उठली. मी इस्त्रीचा शर्ट घातला. गाडी बघायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं हिने विचारलं नाही, कारण हिनेही ठेवणीतली पर्स काढली होती.

गाडी पांढरी आणि छोटी, पण सीट उंच. दार उघडून ही नुसती मागे टेकली की बसलीच. उतरताना 'आई गं' म्हणाली नाही. एवढ्यासाठीच ही गाडी. हिची थोरली बहीण, आमची ताई, गावाबाहेर टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. बस पायथ्याशी सोडते. पुढचा चढ ही गुडघ्यावर हात ठेवून चढते, आठवड्यातून दोनदा. घरी आली की पाय उशीवर ठेवते आणि 'काही दुखत नाही' म्हणते. जुनी गाडी भंगारात गेल्यापासून हे असंच चाललंय.

काचेवर कंपनीची छापील किंमत होती. शेजारी शोरूमने दुसरा कागद चिकटवला होता : 'जादा मागणी आकार'. आकडा माझ्या पाच महिन्यांच्या पेन्शनएवढा.

मॅनेजर गुळगुळीत माणूस. दाढी गुळगुळीत, बोलणं त्याहून. म्हणाला, "काका, गाड्या कमी आणि गिऱ्हाईक जास्त. तुम्ही नाही घेतली तर संध्याकाळपर्यंत ही गाडी जाईल."

मी म्हणालो, "चौतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. छापील किमतीवर एक पैसा जास्त घेणाऱ्यांवर खटले भरलेत मी."

"ते साबण-बिस्किटांचं, काका. गाडीचं वेगळं असतं. नोंदणीच्या कागदावर खाली लिहिलंय बघा."

लिहिलं होतं खरं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

"माझं नाव यादीतून काढायचं नाही. आणि वरचे पैसे मी देणार नाही," असं सांगून बाहेर पडलो. पडताना दाराच्या कडेवर खांदा सणकून आपटला. काचा इतक्या लख्ख पुसतात की दिसतच नाहीत. शेरा : काचेवर ठळक खूण असावी.

८ जानेवारी

पांढरी गाडी गेली. तो गुळगुळीत मॅनेजर म्हणाला ते खरं निघालं. पुढची खेप पंधरा दिवसांनी.

मी ठरवलंय, दर सोमवारी आणि गुरुवारी अकरा वाजता शोरूमच्या सोफ्यावर जाऊन बसायचं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. कुणी गिऱ्हाईक आलं की एवढंच म्हणायचं, "दोन्ही कागद नीट वाचून घ्या हं." आज तिघांना म्हणालो. एक जण वाचून निघूनच गेला.

ही पण येते. विणकाम घेऊन येते. विक्रीची पोरगी आम्हाला पाणी आणून देते. तिच्या गळ्यातला टाय सारखा खांद्यावर जाऊन बसतो. आज हिने तो आतून एक टाका घालून शर्टाला अडकवून दिला. पोरगी हिच्याकडे बघतच राहिली. नंतर पाण्याबरोबर बिस्किटंही आली.

१७ जानेवारी

आज डेमोची गाडी चालवून बघितली. चालवायला लोण्यासारखी. मी चालवत होतो, पोरगी शेजारी, ही मागे. पेट्रोल पंपाच्या वळणावर डावीकडून एक सायकलवाला अचानक उगवला. मला दिसलाच नाही. पोरीने हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. सायकलवाला एक पाय टेकवून उभा राहिला आणि काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हल्ली सायकली फार वेडीवाकड्या चालवतात.

घरी आल्यावर ही खिडकीशी उभी राहिली. मी विचारलं, "घाबरलीस?" म्हणाली, "सायकलवर मोठा माणूस होता म्हणून हो. शाळेतली मुलगी असती तर?" प्रश्न विचारला की काय केलं, कळलं नाही.

२४ जानेवारी

हिने सकाळी चालायला जायला सुरुवात केलीय, तळमजल्यावरच्या नर्सबाईंबरोबर. सात ते आठ. गुडघा दुखतोय आणि चालायला जाते! पण डॉक्टर मंडळी काय सांगतील नेम नाही. पातळ तळव्याचे नवे बूटही घेतले. म्हणे, पायाला जमीन नीट कळली पाहिजे.

२ फेब्रुवारी

आज नाश्त्याला बसल्यावर ही एकदम म्हणाली, "अहो, चढावर थांबलेली गाडी सुरू करताना मागे का जाते?"

चाळीस वर्षांच्या संसारात हिने मला गाडीबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. मी पातेल्याची दोन झाकणं आणली. एक म्हणजे इंजिन, दुसरं म्हणजे चाकं. ती एकमेकांना हळूच टेकली की क्लच 'धरतो'. त्या टेकण्याच्या क्षणी गाडी जराशी थरथरते, तो थरथराट पायाला कळला पाहिजे, मग हँडब्रेक सोडायचा. हिने झाकणं हातात घेऊन स्वतः करून पाहिलं. चार वेळा. अंडी गार झाली.

किती छान ऐकते ही. एवढी वर्षं मी हिला काही समजावून का दिलं नाही?

९ फेब्रुवारी

हिच्या चष्म्याचा नंबर तपासायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. हिने माझंही नाव लावून ठेवलं होतं. आलोच आहोत तर, म्हणे.

मला एका यंत्रासमोर बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. यंत्र बिघडलेलं असावं असं मला वाटलं, कारण बराच वेळ ठिपके येतच नव्हते. डॉक्टरबाईंना तसं सांगितलं. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. ठिपके येत होते.

काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलीय, उजव्याची थोडी. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकवायला थेंब, सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला, जन्मभर. आणि गाडी चालवायची नाही.

"हे बाहेर बसलेल्या माझ्या बायकोला सांगू नका," मी म्हणालो.

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

बाहेर आलो. हिने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "वय झालं म्हणाल्या." ही माझ्या बाहीवरचा नसलेला दोरा काढत बसली.

११ फेब्रुवारी

ही चालायला गेल्यावर डोळे मिटून घरातून फिरलो. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा. ओट्याचा कोपरा लागला. ते पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी नाही लागला. मग स्टुलावर बसून राहिलो.

ज्या माणसाने हजारो तराजू तपासले त्याला स्वतःच्या डोळ्यांतली तूट वर्षभर कळली नाही. ती सायकल वेडीवाकडी आली नव्हती. ती सरळच आली होती.

२० फेब्रुवारी

थेंब घालायचं छान जमलंय. आठ वाजले की ही रेडिओ मोठा लावते आणि गॅलरीत झाडांना पाणी घालायला जाते. संध्याकाळीसुद्धा. इतकं पाणी घालून झाडं कुजायची एखादे दिवशी, पण माझी सोय होते म्हणून मी काही बोलत नाही.

एक गोष्ट इथे खरी लिहून ठेवतो. त्या वरच्या पैशांचा मला आता आधार वाटायला लागलाय. जोवर शोरूमवाला ते मागतोय तोवर मी 'नाही' म्हणू शकतो, आणि गाडी का घेत नाही हे हिला सांगावं लागत नाही. आज गुळगुळीत म्हणाला, "काका, निम्मे सोडतो." मी ओरडलोच, "छापील म्हणजे छापील!" सोफ्यावरच्या एका बाईंनी टाळी वाजवली. मला लाज वाटली. तत्त्वाच्या आड लपून बसलेला माणूस मी. उद्या हिला सांगणार.

२१ फेब्रुवारी

नाही सांगितलं. ही आज ताईकडे जाऊन आली, गुडघा सुजलाय. अशा वेळी कसं सांगायचं?

५ मार्च

शोरूममधली पोरगी विचित्र वागतेय. मॅनेजरशी काही कुजबुजली, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, तुम्ही असेच ठाम राहा हं. अजून थोडे दिवस." गाड्या विकणारी मुलगी गिऱ्हाइकाला ठाम राहा म्हणते! मग हिच्याकडे वळून हळूच विचारलं, "काकू, वळणं जमायला लागली?" ही म्हणाली, "हो, पण उजवीकडची फेंदारतात." विणकामात वळणं असतात हे मला माहीत नव्हतं. स्वेटर असेल गोल गळ्याचा.

१५ मार्च

नको तेच झालं. गुळगुळीतचा फोन. "काका, जिंकलात तुम्ही. तो दुसरा कागद काढला आम्ही. नुसता तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. तुमच्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक तेच विचारायला लागलं. छापील किंमत. पांढरी गाडी तयार आहे, उद्या या."

फोन खाली ठेवला. ज्या गोष्टीसाठी दोन महिने सोफा झिजवला ती मिळाली आणि मला दरदरून घाम फुटला. ही समोर उभी. काहीतरी बोलणं भाग होतं.

"पांढरी नको मला," मी म्हणालो. "निळी हवी."

पांढऱ्या रंगाचा हट्ट हिचा होता. आता ही भांडणार, मी हरणार आणि उद्या किल्ली हातात येणार, असं मी धरून चाललो होतो. ही पटकन म्हणाली, "अगदी बरोबर. पांढरी मळते. निळीच घेऊ. महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल."

मी हिच्याकडे बघतच राहिलो. चाळीस वर्षांत रंगावर आमचं एकमत झालेलं हे पहिलंच.

२९ मार्च

ही नेहमीपेक्षा उशिरा, दहाला आली. डोळे लाल. विचारलं तर नर्सबाईंशी बोलताना जुनं काही आठवलं म्हणाली. जेवली नाही. मी चहा केला. दोघं ओट्याशी उभ्यानेच प्यायलो.

मग म्हणाली, "अहो, तुम्ही पहिल्या फटक्यात पास झाला होतात?"

"कशात?"

"कशातही."

"खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालोय. पहिल्या वेळचं तुला लग्नाआधी सांगितलं होतं. दुसरं नापास होणं लग्नानंतरचं, ते लपवलं."

"माहितेय मला," ही म्हणाली. "निकालाच्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी विनाकारण छत्री घेऊन आला होतात."

मग हसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. का रडली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण हसली.

११ एप्रिल

निळी गाडी आली. परवा न्यायची.

आता लपायला जागा उरली नाही. दुपारी ही भाजी निवडत बसली होती, तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि एका दमात सांगून टाकलं. काचबिंदू, ठिपके, थेंब, सगळं. "गाडी घरी येईल पण मी ती चालवू शकणार नाही. तुला ताईकडे नेतो म्हणालो होतो. नाही नेऊ शकत," म्हणालो. आवाज कापत होता. खात्यात माझा आवाज कधी कापला नाही.

हिने भाजीचं ताट बाजूला ठेवलं. हात पुसले. ठेवणीतल्या पर्समधून एक कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. हिचा फोटो. घाबरल्यासारखा. वाहन चालवण्याचा परवाना, चार दिवसांपूर्वीचा.

मला काही सुधरेना. "तू चालायला जायचीस ना?"

"ड्रायव्हिंग स्कूलपर्यंत चालतच जायचे. नर्सबाईंचीच बहीण शिकवते तिथे."

"माझ्या डोळ्यांचं तुला—"

"सायकलच्या दिवशीच शंका आली. त्याआधी दारं, ओटा, टेबलाचे कोपरे. मग बाथरूमच्या टोपलीत औषधाच्या बाटलीचं झाकण सापडलं. नर्सबाईंना दाखवलं."

"म्हणजे तो रेडिओ, ती झाडं..."

"दोन झाडं मेली हो त्यात," ही म्हणाली.

मला राग आला. खरंच आला, तो इथे लिहितो. माझ्या पाठीमागे बायको शिकते, शोरूमच्या पोरीला ते माहीत, नर्सबाईंना माहीत, आणि मी एकटा सोफ्यावर तत्त्व सांगत बसलोय. मी उठून जिन्यात जाऊन बसलो. थोड्या वेळाने ही आली. गुडघ्यामुळे जिन्यात बसणं हिला अवघड, तरी कठडा धरून बसली.

"पाठीमागे नाही काही," म्हणाली. "तुमच्यासमोरच शिकले. चढावरचा क्लच मास्तरीणबाईंना तीन दिवस समजावता आला नाही. तुमच्या झाकणांनी कळला."

मी कठड्याचा रंग नखाने खरवडत बसलो.

"एक आणखी सांगते, मग काय रागवायचं ते एकदमच रागवा. मॅनेजर फेब्रुवारीअखेरच वरचे पैसे सोडायला तयार झाला होता. मीच त्या पोरीला म्हणाले, थोडी कळ काढ. मी पास झाले नाही आणि गाडी दारात आली, तर हे चालवायला बसतील. मला ते नको होतं."

"म्हणजे मी पंधरा दिवस आधीच जिंकलो होतो?"

"हो."

"आणि मला सांगितलंच नाहीस?"

"तुम्हाला तरी कुठे जिंकायचं होतं? निळी हवी म्हणे!"

आधी कोण हसलं आठवत नाही. वरच्या मजल्यावरच्या माणसाने वाकून बघितलं. हसता हसता मला रडू आलं. आम्ही तिथेच बसून राहिलो. बसलो ते बरं, पण उठताना हिला मी आणि मला हिने, अशी ओढाओढ करावी लागली.

१३ एप्रिल

बिल तीनदा तपासलं. छापील किंमत, पै न पै. गुळगुळीतने हात पुढे केला. "आता सोमवार-गुरुवार सुनं सुनं वाटेल, काका." माणूस वाईट नाही. पोरीने किल्ली माझ्या हातात दिली नाही, थेट हिच्या हातात दिली, आणि मग जीभ चावून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर माणसाला दिलीस."

ही बसली. सीट पुढे ओढली, आरसा तीनदा हलवला. फाटकाशी गाडी दोनदा बंद पडली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. मी मान बाहेर काढून त्याला चार शब्द ऐकवणार होतो, पण ही म्हणाली, "तुम्ही नुसते बसा." मी नुसता बसलो. हा माझा विक्रम आहे. रस्ता दुसऱ्याच्या हातात असला की केवढी झाडं दिसतात!

टेकडीच्या चढावर पुढचा टेम्पो थांबला, म्हणून आम्हीही. हिचे ओठ हलत होते. गाडी थरथरली, हँडब्रेक सुटला, आणि एक बोटभरही मागे न येता आम्ही वर चढलो. मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही.

ताई वॉकर धरून दाराशी उभी होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग स्टिअरिंगशी बसलेल्या हिच्याकडे. "अगं, तू? तू चालवतेयस? शाळेत तुला दोरीवरची उडी जमत नव्हती!" मग इतकी हसली की आतून पाणी आणावं लागलं. तिला मागच्या सीटवर बसवून हिने आश्रमाच्या आवाराला तीन चकरा मारल्या. तिसरीत ताई खिडकीतून हात हलवत होती, कुणी समोर नसतानाही.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्या इमारतीखाली दोन गाड्यांच्या मधे एकच जागा होती. हिने पुढे घेतली, मागे घेतली, परत पुढे घेतली. पाचव्या वेळी थांबून म्हणाली, "अहो, मला उलटी घालता येत नाही. परीक्षेत ते नशिबाने आलंच नाही."

मग जागा शोधत गेलो. पुढची गल्ली भरलेली, त्याच्या पुढची भरलेली. शेवटी वाचनालयाच्या भिंतीशी बस उभी राहील एवढी मोकळी जागा मिळाली. तिथे सरळ घातली, कुलूप लावलं आणि घराकडे चालत निघालो. वीस मिनिटांची वाट. नवी कोरी गाडी घेऊन इतकं चालत घरी आलेलं जोडपं गावात दुसरं नसेल.

ही माझ्या डाव्या बाजूने चालत होती, माझा हात धरून. लग्न झाल्यापासून ही उजवीकडून चालायची. मी म्हणालो, "कधीपासून गं डावीकडून चालायला लागलीस?"

"कुणास ठाऊक," ही म्हणाली. "जपून. पुढे पायरी आहे."

पायरी मला दिसली होती. तरी मी हात सोडवला नाही.